स्वस्तात शेकडो यीस्ट स्ट्रेनचं डीएनए सिक्वेन्सिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या फ्रीझरमध्ये पन्नास, शंभर, तीनशे यीस्ट स्ट्रेन (यीस्टचे वेगवेगळे वाण) पडून आहेत आणि सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनए अक्षर-अक्षर वाचण्याचं, कोटेशन बघून ज्यांनी विषय सोडून दिलाय, त्यांच्यासाठी हे पान आहे. हे काम परवडतं. फक्त पैसा नेमका कुठे जातो ते आधी कळायला हवं. खालचे प्रश्न मला विद्यार्थ्यांनी आणि वाइनरी, डिस्टिलरीत काम करणाऱ्यांनी विचारलेले आहेत. उत्तरं हात प्लेटमध्ये घालून शिकलेली आहेत.

यीस्टचं सिक्वेन्सिंग माणसाच्या मानाने इतकं स्वस्त का?

जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, लहान म्हणून. पाव, वाइन आणि बिअरचं नेहमीचं यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसिए, याचा जीनोम 16 गुणसूत्रांत मिळून सुमारे 1.21 कोटी बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, आहे. माणसाचा सुमारे 310 कोटींचा. म्हणजे एका माणसाचा जीनोम 30 पट डेप्थने, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी 30 वेळा, वाचायला जेवढा डेटा लागतो, तेवढ्यात यीस्टचे अडीचशे स्ट्रेन त्याच डेप्थने वाचून होतात.

1996 साली यीस्टचा हा जीनोम पूर्ण झाला, तेव्हा युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानमधले सुमारे 600 शास्त्रज्ञ त्यासाठी कित्येक वर्षं राबले होते. पेशीत केंद्रक असलेल्या कुठल्याही सजीवाचा तो पहिला पूर्ण जीनोम. 2018 मध्ये 1,011 स्ट्रेनचे जीनोम एकाच शोधनिबंधात आले. आज एकटा पीएचडी विद्यार्थी आठवड्याभरात 96 लायब्ररी (मशीनवर वाचण्यासाठी तयार केलेले डीएनएचे नमुने) बनवून पाठवतो.

मग कोटेशन एवढं मोठं का येतं?

कारण कोटेशन नमुन्यामागे असतं आणि त्यातला मोठा वाटा मशीनचा नसून लायब्ररीचा असतो. डीएनएचे तुकडे करून त्यांच्या दोन्ही टोकांना मशीनला ओळखता येतील असे ॲडाप्टर जोडणं म्हणजे लायब्ररी बनवणं. माणसाच्या जीनोमला आणि यीस्टच्या जीनोमला हे काम सारखंच पडतं. माणसाच्या बाबतीत पुढचं वाचन इतकं महाग असतं की लायब्ररीचा खर्च त्यात दडून जातो. यीस्टचं गणित नेमकं उलटं: वाचायचं थोडं आणि तयारीचं बिल पूर्ण. म्हणून बचत करायची ती इथे.

यावरचा उपाय 2015 साली मायकल बेम आणि सहकाऱ्यांनी व्यवस्थित मांडून दाखवला. इल्युमिना या सिक्वेन्सिंग कंपनीच्या नेक्स्टेरा किटमध्ये टीएन5 नावाचं ट्रान्सपोझेज एन्झाइम असतं. ते डीएनए कापतं आणि कापतानाच ॲडाप्टर चिकटवतं. या क्रियेला टॅगमेंटेशन म्हणतात. त्यांनी तीच क्रिया अगदी छोट्या आकारमानात केली, किटमधली महागडी रसायनं बदलून स्वस्त पर्याय घेतले आणि अनावश्यक पायऱ्या काढून टाकल्या. लायब्ररीचा खर्च नमुन्यामागे सुमारे 8 डॉलरवर आला, मूळ किटच्या साधारण सहाव्या भागावर. 96 नमुन्यांना पाच तासांपेक्षा कमी वेळ लागला. ज्यांच्याकडे प्रथिनं शुद्ध करायची सोय आहे ते टीएन5 स्वतःच बनवतात, तेव्हा खर्च आणखी खाली येतो. पण एन्झाइमची प्रत्येक नवी बॅच पुन्हा तपासून घ्यावी लागते. वर्षाला दोन-तीन प्लेटच (एका प्लेटमध्ये 96 नमुने) करणार असाल तर त्या भानगडीत पडू नका, किट घ्या आणि क्रिया लहान करा.

डीएनए धुऊन शुद्ध करायच्या चुंबकी मण्यांचंही तसंच. तयार बाटलीऐवजी कार्बॉक्सिल मणी आणून पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि मिठाचं द्रावण स्वतःच बनवलं तर खर्च खूपच घटतो आणि काम तितकंच चोख होतं.

डेप्थ किती घ्यायची?

लायब्ररीनंतर सगळ्यात जास्त पैसे या एका उत्तरावर वाचतात किंवा वाया जातात. उत्तर तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे, म्हणून आधी प्रश्न कागदावर लिहा.

30 पट डेप्थ म्हणजे 1.21 कोटी गुणिले 30, म्हणजे सुमारे 36 कोटी बेस. रीड म्हणजे मशीनने एका दमात वाचलेला तुकडा. 150-150 च्या जोडरीडमध्ये, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून 150-150 अक्षरं वाचली तर, ते साधारण 12 लाख जोड्या होतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आणि दुबार रीड यांत काही भाग जातो, म्हणून मी प्रत्येक स्ट्रेनला 15 ते 20 लाख जोड्या धरते.

आता कमी घेतलं तर काय बिघडतं ते बघा. रीड सगळीकडे निव्वळ योगायोगाने पडतात असं धरलं, तर 5 पट डेप्थला जीनोमचा सुमारे 0.67 टक्के भाग एकदाही वाचला जात नाही, म्हणजे जवळजवळ 81,000 बेस कोरे. 10 पटीला ते साडेपाचशेच्या आसपास येतात. प्रत्यक्षात रीड एकसारखे पडत नाहीत, त्यामुळे चित्र यापेक्षा थोडं वाईट असतं.

हॅप्लॉइड (गुणसूत्रांची एकच प्रत असलेला) स्ट्रेन असेल आणि उत्परिवर्तनं शोधायची असतील तर 20 ते 30 पट पुरते. डिप्लॉइडमध्ये प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात आणि त्या वेगळ्या असू शकतात. एखाद्या जागी फक्त 4 रीड असतील तर ते चारही एकाच प्रतीतून आलेले असण्याची शक्यता आठात एक, म्हणजे खरा फरक डोळ्यांसमोर असून दिसणार नाही. 10 रीड असतील तर ती शक्यता 512 मध्ये एक. म्हणून डिप्लॉइडला 40 पट घ्या. बिअरच्या कित्येक यीस्टमध्ये गुणसूत्रांच्या चार-चार प्रती असतात, तिथे त्याहून जास्त लागते.

आणि दोन माहीत असलेल्या पालकांची शेकडो अपत्यं असतील, फक्त कुठला तुकडा आईचा आणि कुठला बापाचा एवढंच बघायचं असेल, तर 1 पट किंवा त्याहूनही कमी चालतं, कारण शेजारचे फरक एकत्रच वारशाने येतात आणि मधल्या मोकळ्या जागा गणिताने भरून काढता येतात. अशा कामाला 30 पट घेणं म्हणजे पैसे जाळणं आहे. तेवढ्याच डेटात तीसपट अपत्यं वाचली तर अभ्यास कुठल्या कुठे जातो.

डीएनए काढायला महागडं किट लागतं का?

नाही, पण पेशीभित्तीशी नीट वागावं लागतं. यीस्टची भित्ती ग्लुकन आणि मॅनोप्रोटीनची जाड असते, जिवाणूंसाठी बनवलेली किटं तिच्यापुढे थकतात. झायमोलेज किंवा लायटिकेज हे एन्झाइम ती भित्ती पचवतं. रात्रभर वाढवलेल्या कल्चरमधल्या पेशींची भित्ती जास्त टणक झालेली असते. डीटीटी हे रसायन घातलं तर एन्झाइमला आत शिरायला वाट मिळते.

काम झालं की नाही हे साध्या नजरेला दिसतं. 37 अंशांवर ठेवलेल्या प्लेटमधलं पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ असतं. एका वेलमधला (प्लेटमधल्या एका छोट्या खळग्यातला) थेंब काढून त्यात एसडीएस हा डिटर्जंट घाला. भित्ती गेली असेल तर थेंब क्षणात स्वच्छ होतो आणि टोकाने उचलला तर तार धरतो, पाक तयार झाल्यासारखा. गढूळच राहिला तर आणखी अर्धा तास थांबा. ही तपासणी वगळून पुढे गेलेल्या प्लेटमध्ये दहा-बारा वेल हमखास रिकामे निघतात. एसडीएस शेवटी पूर्ण धुऊन काढा, कारण त्याच्या अंशानेही टीएन5 बंद पडतं.

डीएनए फार लागत नाही. हॅप्लॉइड पेशीतल्या जीनोमचं वजन सुमारे 13 फेम्टोग्रॅम, म्हणजे 1 नॅनोग्रॅममध्ये जवळजवळ 75,000 जीनोम असतात आणि छोट्या टॅगमेंटेशनला एवढं पुष्कळ झालं. 1 मिलि दाट कल्चरमध्ये याच्या हजारपट माल असतो. डीएनए कमी पडेल या भीतीने मोठमोठी कल्चर वाढवू नका.

नॅनोड्रॉपवर (डीएनएचं प्रमाण मोजायच्या यंत्रावर) भरपूर डीएनए दिसला, तरी लायब्ररी बिघडली. असं का?

तुम्ही आरएनए मोजला. यीस्टच्या पेशीत आरएनए डीएनएच्या कितीतरी पट असतो आणि नॅनोड्रॉप दोघांना एकच समजतो. आरएनेज हे आरएनए तोडणारं एन्झाइम घाला आणि दुहेरी डीएनएलाच चिकटणाऱ्या चमकत्या रंगाने मोजा, मग क्युबिट यंत्र असो की प्लेट रीडरवर पिकोग्रीन रंग. टॅगमेंटेशनमध्ये एन्झाइमचं प्रमाण ठरलेलं असतं, त्यामुळे डीएनए जास्त पडला तर तुकडे लांब राहतात आणि कमी पडला तर पार भुगा होतो. सगळ्या 96 वेलमध्ये डीएनए सारख्या प्रमाणात आणणं हे कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

96 नमुने एकत्र टाकल्यावर कुठला कोणाचा हे कसं ओळखतात?

प्रत्येक लायब्ररीला पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवताना) दोन इंडेक्स, म्हणजे नमुन्याची ओळख सांगणारे डीएनएचे छोटे तुकडे, लागतात, एकेक टोकाला एक. इंडेक्स असलेले 8 आणि 12 प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे तुकडे) आडवे-उभे वापरून 96 जोड्या करता येतात आणि हे स्वस्तही पडतं. तरी माझा सल्ला असा की इथे हात आखडता घेऊ नका. इल्युमिनाच्या पॅटर्न्ड फ्लो सेलवर (मशीनमध्ये ज्या काचेवर वाचन होतं तिच्या एका प्रकारावर) काही रीडचा इंडेक्स उडी मारून दुसऱ्याच रीडला लागतो. आडव्या-उभ्या पद्धतीत अशी उडी मारलेला रीड शेजारच्या वेलचा म्हणून खपून जातो. प्रत्येक नमुन्याचे दोन्ही इंडेक्स स्वतंत्र असतील तर ती जोडी यादीत सापडतच नाही आणि रीड आपोआप बाहेर पडतो. प्रायमर एकदा मागवले की हजारो क्रियांना पुरतात.

प्लेटमध्ये नमुन्यांची अदलाबदल झाली तर कळतं का?

आधीपासून सोय केली असेल तरच कळतं. सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्लेटचा डेटा आला. डेप्थ सुरेख, रीड स्वच्छ. पण कुठलाच स्ट्रेन आपल्या नावाप्रमाणे वागेना. ज्यात जनुक काढून टाकलं होतं त्यात ते शाबूत आणि ज्यात असायला हवं त्यात गायब. दोन दिवस सॉफ्टवेअरला दोष देण्यात गेले. शेवटी एका सहकारी मुलीने प्लेटचा नकाशा कागदावर काढला, कागद उलटा फिरवला आणि सगळं जुळलं. कधीतरी मण्यांच्या धुण्यात प्लेट मॅग्नेटवर उलटी बसली होती, ए1 च्या जागी एच12. ती प्लेट वाचली, कारण ओळखीचे स्ट्रेन तिच्यात होते. ते नसते तर आम्ही 96 चुकीची उत्तरं बरोबर समजून छापली असती.

तेव्हापासून तीन गोष्टी आम्ही मोडत नाही. एक रिकामा वेल, फक्त पाण्याचा, आणि तो प्लेट फिरवली तर जागा बदलेल अशा ठिकाणी. दोन वेगळे ओळखीचे स्ट्रेन, तेही प्लेट फिरवल्यावर एकमेकांच्या जागी येणार नाहीत असे. आणि प्रत्येक स्ट्रेनची एखादी जन्मखूण आधीच यादीत लिहिलेली. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेतला बीवाय4741 हा स्ट्रेन यूरा3 आणि ल्यू2 ही जनुकं पूर्ण काढून बनवलेला आहे, त्यामुळे त्या दोन जागी डेप्थ शून्य दिसायलाच हवी. मेटिंग टाइप (यीस्टचं जणू लिंग) ए आहे की अल्फा, हेही डेटातून कळतं. मोठं विश्लेषण सुरू करायच्या आधी ह्या खुणा तपासायला दहा मिनिटं लागतात.

सील काढण्याआधी प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा. झाकणाला चिकटलेला थेंब शेजारच्या वेलमध्ये उडाला की दोन स्ट्रेनचं मिश्रण होतं आणि हॅप्लॉइड स्ट्रेन उगाचच डिप्लॉइड असल्यासारखा दिसू लागतो.

सगळ्या स्ट्रेनला सारखे रीड मिळत नाहीत. उपाय?

लायब्ररी एकत्र करताना मोजून समान घेतल्या तरी दुप्पट-तिप्पट फरक राहतो. शक्य असेल तर आधी त्याच मिश्रणाचा थोडासा डेटा घ्या, कोणाला किती वाटा आला ते मोजा आणि त्या प्रमाणात पुन्हा मिसळून मोठा रन करा. नाहीतर सगळ्यात मागे पडलेल्या स्ट्रेनसाठी बाकी 95 जणांचा जादा डेटा विकत घ्यावा लागतो.

फक्त प्रजाती ओळखायची आहे. पूर्ण जीनोम हवा का?

अजिबात नको. लिथियम ॲसिटेट आणि एसडीएसमध्ये कॉलनी 70 अंशांवर 5 मिनिटं ठेवा, अल्कोहोलने डीएनए खाली बसवा आणि आयटीएस किंवा 26एस जनुकाचा डी1/डी2 भाग (प्रजाती ओळखायला वापरतात असे डीएनएचे छोटे पट्टे) पीसीआर करून सँगर या एकेक तुकडा वाचायच्या जुन्या पद्धतीने वाचा. बहुतेक यीस्टची प्रजाती तेवढ्यावर कळते. गोव्यात काजूच्या रसाला यीस्ट घालत नाहीत, तो आपसूक आंबतो, त्यामुळे त्यात एकापेक्षा जास्त प्रजाती असणं स्वाभाविक आहे. अशा नमुन्यातून आधी एकेक कॉलनी वेगळी करा, पुन्हा एकदा रेघा ओढून शुद्ध करा, आयटीएसने चाळून घ्या आणि मगच निवडक स्ट्रेन जीनोमसाठी पाठवा. आधी चाळणी लावली नाही तर एकाच स्ट्रेनचे चाळीस जीनोम हातात पडतात.

डेटा आल्यावर मोठा सर्व्हर लागेल का?

लागणार नाही. 30 पट डेप्थच्या एका स्ट्रेनच्या फाइल काहीशे एमबीच्या असतात. चांगल्या लॅपटॉपवर बीडब्ल्यूए या प्रोग्रॅमने त्या संदर्भ जीनोमला (तुलनेसाठी ठरवलेल्या छापील जीनोमला) जुळवायला काही मिनिटं लागतात. पुढे फरक शोधायला सॅमटूल्स, बीसीएफटूल्स किंवा फ्रीबेझ आणि बदलाचा परिणाम सांगायला स्निपइफ. सगळं मोफत. कमांड लाइनची सवय नसेल तर गॅलेक्सी या वेबसाइटवर ब्राउझरमधूनच होतं. जनुकांची माहिती सॅकरोमायसीस जीनोम डेटाबेसवर मिळते आणि ती इतकी बारकाईने जपलेली आहे की दुसऱ्या सजीवांवर काम करणाऱ्यांना हेवा वाटावा.

आमचे स्ट्रेन रानटी आहेत. एस288सी हाच संदर्भ चालेल?

सुरुवातीला चालेल, पण डोळे उघडे ठेवून. एस288सी हा प्रयोगशाळेतला एक स्ट्रेन आहे, सगळ्या यीस्टचा प्रतिनिधी नाही. 1,011 स्ट्रेनच्या त्या अभ्यासात एकूण 7,796 जनुकं सापडली. त्यांतली 4,940 सगळ्यांमध्ये होती, उरलेली 2,856 काहींत होती आणि काहींत नव्हती. संदर्भात नसलेल्या जनुकाचे रीड कुठेच बसत नाहीत आणि मुकाट्याने टाकले जातात. न बसलेले रीड वेगळे काढून त्यांची जोडणी करून बघा. मळीवर वाढणाऱ्या किंवा ताडीतून काढलेल्या स्ट्रेनची खासियत तिथेच दडलेली असू शकते.

संकराची शंका असेल तर दोन-तीन प्रजातींचे संदर्भ एकत्र जोडून जुळवणी करा. लागर बिअरचं यीस्ट हा सेरेव्हिसिए आणि युबायानस यांचा संकर आहे. युबायानस 2011 साली पॅटागोनियातल्या जंगलात सापडलं. अशा स्ट्रेनला एकच संदर्भ लावला तर अर्धा जीनोम चुकीच्या जागी बसतो आणि हजारो खोटी उत्परिवर्तनं दिसतात.

अक्षरबदलांखेरीज काय बघावं?

डेप्थचा आलेख, प्रत्येक गुणसूत्राचा. मी तर तो आधी बघते. एखादं गुणसूत्र दीडपट उंच दिसलं तर डिप्लॉइडमध्ये त्याची तिसरी प्रत आली आहे. ताणाखाली वाढवलेल्या यीस्टमध्ये हे वारंवार घडतं आणि औषध किंवा अल्कोहोल सोसण्याची ताकद कधीकधी त्यातूनच येते. बाराव्या गुणसूत्रावर मात्र एक प्रचंड उंच सुळका दिसेल. तो बिघाड नाही. तिथे रायबोसोमल डीएनएच्या शंभर ते दोनशे प्रती ओळीने आहेत आणि संदर्भात त्यांच्या जागी फक्त दोनच लिहिल्या आहेत.

उत्क्रांती प्रयोगात (यीस्ट शेकडो पिढ्या वाढवून बदल बघताना) मूळ स्ट्रेनही वाचायचा का?

हो, न चुकता, आणि तुमच्याच फ्रीझरमधला. यीस्टमध्ये आपसूक उत्परिवर्तन फार क्वचित होतं, हॅप्लॉइड पेशीत साधारण काहीशे पिढ्यांना एक. त्यामुळे प्रयोगातून आलेले बदल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, तर तुमचा मूळ स्ट्रेन आणि छापील संदर्भ यांत आधीच कितीतरी फरक असू शकतात. मूळ स्ट्रेन वाचलेला नसेल तर नवं काय आणि जुनं काय हे ठरवता येत नाही.

नॅनोपोअर घ्यावं का?

नॅनोपोअर म्हणजे लांबलचक रीड देणारं सिक्वेन्सिंग. शेकडो स्ट्रेनमधले लहान बदल मोजायला छोटे रीडच स्वस्त. गुणसूत्रांची मोडतोड, टोकांकडची पुनरावृत्त जनुकं किंवा संकराची रचना समजून घ्यायची असेल तर निवडक पाच-दहा स्ट्रेन नॅनोपोअरवर घ्या. त्यासाठी डीएनए लांब हवा, काचेचे मणी घालून जोरात ठेचलेला चालणार नाही.

रोगकारक यीस्टला हीच पद्धत चालते?

लायब्ररीपर्यंत हो. कॅन्डिडा ऑरिसचा जीनोमही सव्वा कोटी बेसच्या आसपास आहे आणि तो हॅप्लॉइड असतो, त्यामुळे रुग्णालयातल्या साथीचा माग काढायला ही पद्धत फार उपयोगी पडते. सुरक्षेचे नियम अर्थातच कडक. विश्लेषणात एक खड्डा आहे: कॅन्डिडा अल्बिकन्स आणि ऑरिस सीयूजी हा कोडॉन (अमिनो आम्ल ठरवणारी तीन अक्षरांची खूण) ल्यूसीनऐवजी सेरीन असा वाचतात. सॉफ्टवेअरला कोड तक्ता 12 सांगितला नाही तर प्रथिनातले बदल चुकीचे छापले जातात. कॅन्डिडा ग्लाब्राटा मात्र नेहमीचाच कोड वापरतं.

स्ट्रेन आणि डेटा कुठे जमा करावे?

औद्योगिक स्ट्रेनसाठी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी आहे. डेटासाठी फरिदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर. परदेशी भागीदार असेल किंवा पेटंटचा विचार असेल तर 2002 चा जैवविविधता कायदा आधी वाचा. परवानगी नंतर काढू म्हणून चालत नाही.

पहिल्यांदाच करतोय. एकदम 96 घ्यावेत का?

एक उभी रांग घ्या, आठ वेल. त्यात मूळ स्ट्रेन तीन वेगवेगळ्या कॉलनींतून, जनुक काढलेला एक ओळखीचा स्ट्रेन, तुमचे तीन नवे स्ट्रेन आणि एक वेल पाण्याचा. कुणाच्या तरी मोठ्या रनमध्ये थोडी जागा मागून घ्या. तीन कॉलनींची उत्तरं एकमेकांशी जुळली, काढलेलं जनुक शून्यावर दिसलं आणि पाण्याच्या वेलमध्ये जवळजवळ काही आलं नाही, की दुसऱ्या दिवशी पूर्ण प्लेट लावा. आणि ज्या कॉलनीतून डीएनए काढला, त्याच कल्चरचा ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून जपायचा नमुना) त्याच दिवशी, त्याच वेल क्रमांकाने, उणे 80 ला ठेवा.